परताव्यातले वाटेकरी

आषाढी एकादशी उलटली, पंढरीहून परतलेल्यांनी चुरमुऱ्या-बत्ताशांचा प्रसाद घरोघर वाटला, की मराठवाड्याच्या नोकरदार वर्गात दुसरी एक वारी सुरू होते. चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले गाव. पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांच्या मधले एक लहानसे रेल्वे स्टेशन. येथला शिक्षक, ग्रामसेवक, पतसंस्थेतला कारकून किंवा निवृत्त रेल्वे कर्मचारी जुलै महिन्यात यांपैकी एका दिशेने निघतो, तेव्हा त्याच्या पिशवीत फॉर्म सोळा, पॅन कार्डाची झेरॉक्स आणि बँकेचे पासबुक असते. शहरात पोचल्यावर तो एका टेबलापुढे बसतो. टेबलापलीकडचा माणूस कागद चाळतो, संगणकावर काही आकडे घालतो आणि म्हणतो, "गुरुजी, बाकीचे मी बघतो; तुम्ही फक्त मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा." गुरुजी ओटीपी सांगतात. काही आठवड्यांनी खात्यात रक्कम जमा होते आणि तिच्यातला ठरलेला हिस्सा टेबलापलीकडे जातो. आपण नेमके कशावर सही केली, हे गुरुजींना ठाऊक नसते. वर्गात मुलाने न वाचता उत्तरपत्रिकेवर सही केली, तर हेच गुरुजी त्याला उभे करतील.

प्राप्तिकराचा परतावा मिळवण्यासाठी मध्यस्थाची गरज आहे काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पाचशे-हजार रुपये देऊन एक कटकट टळत असेल तर बिघडले कोठे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आणि कामाचा ठराविक मोबदला घेऊन विवरणपत्र भरून देणाऱ्याविषयी तक्रार करण्याचे कारणही नाही. शिंपी शिलाई घेतो, तसाच हा व्यवहार. परंतु मोबदला जेव्हा कामावर न ठरता परताव्याच्या रकमेवर टक्केवारीने ठरतो, तेव्हा व्यवहाराचे स्वरूपच पालटते. शिंपी मग कापडात वाटेकरी होतो. परतावा जितका मोठा तितका त्याचा हिस्सा मोठा. तो खरा आहे की नाही, याच्याशी त्याचा हितसंबंध उरत नाही. अडचणीचे मूळ येथे आहे.

त्याच्याही मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो आपल्या बोलण्यातच दिसतो. कर्ज काढावे, विमा काढावा, तसा लोक रिफंड 'काढतात'. जणू सरकारी तिजोरीत कोठेतरी एक गुप्त झरा आहे आणि तो कोठे खणल्यास लागतो हे फक्त एजंटाला माहीत आहे. वस्तुतः परतावा म्हणजे करदात्याचेच पैसे. वर्षभरात पगारातून, ठेवीच्या व्याजातून वा मानधनातून कापला गेलेला कर वर्षाअखेरच्या हिशेबात देय करापेक्षा अधिक भरला, तर तो अधिकचा भाग परत मिळतो. ही सरकारची मेहेरबानी नव्हे की एजंटाची करामतही नव्हे. ती वजाबाकी आहे.

चुडाव्यासारख्या गावातले एक उदाहरण घेऊ. एखाद्या शेतकऱ्याची थोडी जमीन रस्त्यासाठी संपादित झाली आणि मोबदल्यातले दहा लाख रुपये त्याने बँकेत सात टक्के व्याजाने मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचे व्याज ७०,००० रुपये. २०२४-२५ या वर्षी साठ वर्षांखालील व्यक्तीच्या व्याजावर ४०,००० रुपयांपलीकडे बँकेने करकपात करावी, असा नियम होता. म्हणून बँकेने संपूर्ण व्याजावर दहा टक्के, म्हणजे ७,००० रुपये कापले. शेतीचे उत्पन्न करमुक्त. व्याजाखेरीज अन्य उत्पन्न नाही. नव्या करप्रणालीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नव्हता. म्हणजे त्याच्यावर एका रुपयाचाही कर देय नाही आणि सात हजार रुपये मात्र सरकारजमा झाले. विवरणपत्र भरण्याचे बंधन नाही म्हणून तो भरत नाही. आणि विवरणपत्र भरल्यावाचून परतावा मागण्याची सोय नाही. बँकेत पॅन दिलेला नसेल तर कपात वीस टक्के, म्हणजे १४,००० रुपये. तीही कुणाच्याच नावावर न चढणारी. खत-बियाण्याच्या दुकानात दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस ही रक्कम सोडून देतो, कारण ती सोडली जात आहे हेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

मध्यस्थ आला तो उगाच आला नाही, हेही मान्य केले पाहिजे. भारतात प्राप्तिकर १८६० साली जेम्स विल्सनने आणला. परंतु परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने भारतीय प्राप्तिकर कायदा येथे लागू झाला तो १ एप्रिल १९५० पासून. ज्या प्रदेशात अर्ज-विनंत्यांची भाषा दीर्घकाळ फारसी, उर्दू आणि मग इंग्रजी राहिली, तेथे सरकारी कागद आणि सामान्य माणूस यांच्यामध्ये अर्जनवीस बसणे स्वाभाविक होते. पुढे विवरणपत्रे हाताने भरली जात. कार्यालय जिल्ह्याच्या गावी. परतावा मंजूर झाला तरी कागद कोणत्या टेबलावर अडला, हे शोधण्यासाठी खेपा घालाव्या लागत. एका खेपेला एक रजा आणि एसटीचे भाडे लागत असेल, तर मध्यस्थाची फी स्वस्त ठरते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तो अंतर आणि अज्ञान या दोन वस्तू विकत होता आणि त्यांना खरोखर किंमत होती.

यांतले अंतर आता राहिलेले नाही. २००९ साली बंगळुरूला केंद्रीय प्रक्रिया केंद्र स्थापन झाले आणि विवरणपत्रांची तपासणी जिल्ह्याच्या टेबलावरून उठून यंत्राकडे गेली. १ मार्च २०१९ पासून परतावा केवळ पॅनशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होऊ लागला. ७ जून २०२१ रोजी नवे पोर्टल आले. पहिले काही महिने ते इतके अडखळले की त्या वर्षी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. तथापि व्यवस्था नंतर स्थिरावली. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१३ साली परतावा मिळण्यास सरासरी ९३ दिवस लागत. २०२४ साली हा काळ १७ दिवसांवर आला. बंगळुरूच्या यंत्राला चुडाव्याचे विवरणपत्र आणि मुंबईच्या मलबार हिलचे विवरणपत्र सारखेच. त्याला ओळख लागत नाही, वशिला कळत नाही आणि चहापाणीही पोचवता येत नाही. "आपला माणूस आहे तिथे" असे सांगणारा एजंट त्यामुळे एक तर स्वतः फसलेला असतो, नाही तर फसवत असतो. अंतर संपले, तरी त्याची किंमत मात्र आकारली जात आहे.

उरले अज्ञान; आणि टक्केवारीवाल्याच्या हाती ते किती महाग पडते, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. त्या महिन्याच्या १४ तारखेला प्राप्तिकर खात्याने देशभरातील सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. महाराष्ट्राचे नाव त्या राज्यांच्या यादीत होते. विवरणपत्रे भरून देणारे काही मध्यस्थ खोट्या वजावटी आणि सवलती दाखवून फुगवलेले परतावे मिळवून देतात आणि त्यावर कमिशन घेतात, असे खात्याने जाहीर केले. घरभाडे, राजकीय पक्षांना देणग्या, शैक्षणिक कर्जाचे व्याज, आजारपणाचा खर्च, धर्मादाय देणग्या या सवलतींचा त्यात दुरुपयोग झाला होता. गुंतलेल्यांत सरकारी कार्यालये, सार्वजनिक उपक्रम, शैक्षणिक संस्था आणि बहुराष्ट्रीय कंपन्या यांतील कर्मचारी होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते, असेही त्याच निवेदनात म्हटले होते. ज्यांनी मागे घेतले नाहीत, त्यांची मोजदाद वेगळी.

शैक्षणिक संस्थांचा उल्लेख वाचून आपल्या वाचकवर्गाने दचकावे, असेच हे प्रकरण आहे. घरभाड्याचेच पाहा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने मुख्यालयी राहावे आणि त्यासाठी घरभाडे भत्ता घ्यावा, हा वाद महाराष्ट्रात कित्येक वर्षे चालू आहे. नोकरीच्या गावी राहतो असा दाखला शासनाकडे द्यायचा आणि एजंटाने प्राप्तिकराच्या विवरणपत्रात भाड्याचे घर दाखवायचे ते नांदेडला, तेही अनेकदा सासऱ्यांच्या नावावरचे! एकाच माणसाने दोन सरकारी खात्यांना दोन पत्ते दिले, तर आज ना उद्या ते पत्ते एकमेकांना भेटणार. सवलत मिळते ती प्रत्यक्ष दिलेल्या भाड्यावर. आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले तर घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. सासऱ्यांचा पॅन क्रमांक दिला की ते भाडे सासऱ्यांच्या उत्पन्नात धरले जाते, हे एजंटाने सांगितलेले नसते.

आता हिशेब मांडून पाहावा. जुन्या करप्रणालीतल्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या शिक्षकाच्या विवरणपत्रात एजंटाने दीड लाखाची खोटी वजावट घातली. चार टक्के अधिभारासह त्यातून ३१,२०० रुपयांचा परतावा आला. समजा दहावा हिस्सा, ३,१२० रुपये, एजंटाने घेतला. पुढे दावा खोटा ठरला, तर ३१,२०० रुपये व्याजासह परत करावे लागतात. शिवाय उत्पन्न चुकीचे सादर केल्याबद्दल त्या कराच्या दुप्पट, म्हणजे ६२,४०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटाचे ३,१२० रुपये सुरक्षित राहतात. कायद्याच्या दृष्टीने विवरणपत्र त्याने भरलेलेच नाही. ज्याच्या पॅन क्रमांकावर ते गेले आणि ज्याच्या ओटीपीने ते प्रमाणित झाले, त्याने ते भरले. ओटीपी हे सहा आकडे नसून सही आहे, हे ज्या दिवशी नोकरदारांना उमजेल, त्या दिवशी हा धंदा अर्धा बसेल.

आणि नोटीस येते तेव्हा ती कुणाकडे येते? पोर्टलवरच्या खात्यात जो ई-मेल आणि मोबाइल क्रमांक नोंदवला आहे, त्यावर. गठ्ठ्याने विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडायचे आणि नंतर ते सोडून द्यायचे, अशी पद्धत खात्याला त्या तपासणीत आढळली. साहजिकच नोटिसा न वाचलेल्या राहतात. उत्तराची मुदत टळते, मागणी कायम होते आणि पुढल्या वर्षीचा खरा परतावा जुन्या मागणीत परस्पर वळता होतो. गुरुजींना वाटते, या वर्षी परतावा "अडकला". तो अडकलेला नसतो, जिरलेला असतो.

स्वतः विवरणपत्र भरणे कितपत अवघड आहे? ज्याचे उत्पन्न पगार वा निवृत्तिवेतन, एक घर आणि बँकेचे व्याज एवढेच आहे, त्याच्यासाठी 'सहज' नावाचा नमुना आहे. पॅन हाच वापरकर्ता क्रमांक. पॅन आधारशी जोडलेला हवा. पोर्टलवर शिरल्यावर विवरणपत्र उघडण्याची घाई करण्याआधी दोन कागद पाहावेत: आपल्या नावावर किती कर जमा आहे ते सांगणारे २६-एएस, आणि वर्षभरातील व्याज, लाभांश, खरेदी-विक्री यांची नोंद दाखवणारे वार्षिक माहितीपत्र. फॉर्म सोळावरचा आकडा आणि २६-एएसमधला आकडा जुळला, तर निम्मे काम झाले. विवरणपत्रात बहुतेक आकडे आधीच भरलेले येतात. ते बरोबर आहेत असे मात्र धरून चालू नये. बचत खात्याचे व्याज आणि पतसंस्थेतल्या ठेवीचे व्याज लोक हमखास विसरतात. वर म्हटलेल्या शेतकऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी: शेतीचे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांहून अधिक असेल तर 'सहज' हा नमुना चालत नाही, दुसऱ्या क्रमांकाचा भरावा लागतो. एजंट अनेकदा शेतीचे उत्पन्न दाखवतच नाहीत, म्हणजे त्यांना सोपा नमुना पुरतो.

विवरणपत्र पाठवले म्हणजे संपले, असेही नाही. तीस दिवसांच्या आत आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने वा नेट बँकिंगने ते प्रमाणित करावे लागते. नाही तर ते भरलेच नाही असे समजले जाते. १ ऑगस्ट २०२२ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, आणि जुन्या सवयीने थांबणारे त्यामुळे अजून फसतात. त्यानंतर बंगळुरूहून कलम १४३(१)खालील सूचना येते. तिच्यात दोन स्तंभ असतात: तुम्ही सांगितलेला आकडा आणि खात्याने काढलेला आकडा. या दोन स्तंभांची तुलना सातवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. आश्चर्य असे की, हा कागद वाचण्याची तसदी पदवीधरही घेत नाहीत. परतावा जमा झाला की वाचण्याजोगे काही उरले नाही, असे समजतात.

मराठी माणसाची खरी अडचण येते ती नावापाशी. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. पॅनवर वडिलांचे नाव मध्ये, बँकेत नुसते आद्याक्षर. स्त्रियांची त्याहून बिकट अवस्था. पॅन माहेरच्या नावाचा, खाते सासरच्या आडनावाचे. परतावा ज्या खात्यात हवा ते खाते पोर्टलवर आधी तपासून घ्यावे लागते आणि नावे जुळली नाहीत तर ते नाकारले जाते. परतावा मंजूर होऊनही हाती पडत नाही तो अनेकदा एवढ्यासाठी. एजंटाकडेही याला उपाय नसतो. उपाय बँकेत आणि आधार केंद्रात आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो होत नाही, एप्रिल-मेमध्ये होतो.

शिक्षकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रात १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला गेला. प्रत्यक्ष वाढीव वेतन २०१९ मध्ये सुरू झाले आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी २०१९-२० पासून पाच हप्त्यांत द्यायचे ठरले. तीन वर्षांचे वेतन पुढच्या वर्षांत मिळाले की ते वरच्या टप्प्यात जाते आणि कर वाढतो. अशा वेळी ते त्या त्या वर्षाचे समजून कर काढावा आणि फरकाची सूट घ्यावी, अशी तरतूद कलम ८९ मध्ये आहे. त्यासाठी १०-ई हा नमुना विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो. कित्येकांनी सूट मागितली, पण नमुना भरला नाही, आणि सूट नाकारली गेली; त्याहून अधिक लोकांनी ती मागितलीच नाही. खोटी देणगी दाखवून हजारो रुपये "काढणाऱ्या" कित्येक एजंटांना ही खरी, कायदेशीर, कष्टाच्या पैशाची सूट ठाऊक नव्हती. कारण तिच्यासाठी जुन्या वर्षांचे हिशेब काढत बसावे लागते, आणि देणगीचा आकडा मात्र एका क्षणात टाइप होतो.

शिवाय काळही एजंटाच्या कलेविरुद्ध चालला आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर नोकरदाराने मुदतीत विवरणपत्र भरून ती निवडावी लागते, मुदत चुकली की तो पर्याय जातो. नव्या प्रणालीत बहुतेक वजावटींना जागाच नाही. २०२५-२६ या वर्षासाठी तिच्यात बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न, आणि ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून पगारदाराचे पावणेतेरा लाखांपर्यंतचे वेतन, करमुक्त ठरले. गावातल्या बहुसंख्य प्राथमिक शिक्षकांच्या बाबतीत मग प्रश्न उरतो तो एवढाच की कापले किती आणि देय किती. अशा हिशेबात टक्केवारीचा वाटेकरी कोणते श्रम करतो?

येथपर्यंत करदात्याच्या जबाबदारीचा विचार झाला. पण सारा दोष त्याच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. पगारातून कर कापणाऱ्या कार्यालयाने, म्हणजे मुख्याध्यापकापासून आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंतच्या साखळीने, दर तिमाहीला कपातीचे विवरण दाखल करायचे असते. शेवटच्या तिमाहीचे ३१ मेपर्यंत, आणि फॉर्म सोळा १५ जूनपर्यंत द्यावयाचा. हे विवरण उशिरा गेले किंवा त्यात पॅनचा एक आकडा चुकला, तर कापलेला कर शिक्षकाच्या नावावर दिसतच नाही. पगारातून पैसे गेले, सरकारला पोचले, आणि तरी यंत्र म्हणते की कर भरलेला नाही. कलम २०५ सांगते की कापून घेतलेला कर त्याच माणसाकडून पुन्हा मागता येत नाही. परंतु यंत्राला हे कलम समजावून सांगण्यासाठी त्या माणसाला पगारपत्रकांच्या प्रती घेऊन भांडावे लागते. एजंटाकडे जाणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आळसाने जात नाहीत, या भीतीने जातात.

सरकारच्या न्यायबुद्धीचेही असेच. करदात्याकडून कर उशिरा आला तर सरकार दरमहा एक टक्का व्याज घेते. करदात्याचे पैसे सरकारकडे अडकले तर दरमहा अर्धा टक्का देते आणि त्या व्याजावर पुन्हा कर लावते. फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या नव्या प्राप्तिकर विधेयकात तर मुदतीनंतर विवरणपत्र भरणाऱ्याला परतावाच मागता येऊ नये, असे एक कलम होते. म्हणजे एक दिवस चुकला की सात हजार गेले. प्रवर समितीने ते काढण्याची शिफारस केली, आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या सुधारित विधेयकातून ते वगळले गेले. १ एप्रिल २०२६ ही त्या कायद्याच्या अंमलाची तारीख. कलमांचे व नमुन्यांचे जुने क्रमांक त्यासोबत बदलणारे. या घटनेवर आपल्या शिक्षक संघटनांत किती चर्चा झाली? महागाई भत्त्याच्या एका टक्क्यासाठी मोर्चा निघतो, तो निघालाच पाहिजे. परंतु कापलेला पैसा परत मिळण्याचा हक्क जात होता, तेव्हा गावोगावच्या शाखांना त्याची वार्ताही नसावी, हे शोभादायक नाही.

ज्यांच्या हातून चूक घडून गेली आहे, त्यांना वाट बंद झालेली नाही. सुधारित विवरणपत्राची एक सोय २०२२ पासून आहे. पहिल्या वर्षात कर आणि व्याज यांवर पंचवीस टक्के, दुसऱ्यात पन्नास टक्के अधिक भरून खोटा दावा मागे घेता येतो, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने ही मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली, अर्थात अधिक भुर्दंडासह. नोटीस येण्याची वाट पाहण्यापेक्षा हे स्वस्त पडते. या मार्गाने नवा परतावा मात्र मागता येत नाही. फार जुना खरा परतावा राहिला असेल तर विलंब माफ करण्यासाठी खात्याकडे अर्ज करावा लागतो आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने त्याला पाच वर्षांची मर्यादा घातली आहे.

जमीन वा घर विकले, शेअर्सचे व्यवहार केले, दुकान चालवले, तर जाणकार सल्लागाराकडे जाणे शहाणपणाचेच. प्रामाणिक चार्टर्ड अकाउंटंट आणि करसल्लागार आपली फी सांगतात, पावती देतात आणि विवरणपत्राची प्रत हातात ठेवतात. टक्केवारी मागणारा आणि प्रत न देणारा यांतून वेगळा ओळखू येतो. परंतु एका पगाराच्या माणसाचे विवरणपत्र हे वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे. पूर्णा, परभणी, नांदेड येथील महाविद्यालयांत प्राप्तिकर हा विषय शिकवला जातो, त्यावर प्रश्नपत्रिका निघतात आणि पोर्टल एकदाही न उघडता विद्यार्थी उत्तीर्ण होतात. जुलैच्या चार रविवारी हेच विद्यार्थी आपापल्या गावच्या शाळेत एक संगणक घेऊन बसले, करदात्याने स्वतःच्या हाताने आकडे भरले, ओटीपी स्वतःच्या हाताने टाकला आणि विद्यार्थ्याने शेजारी बसून केवळ बोट दाखवले, तर त्याला कसलेही अनुदान लागत नाही. चुडाव्याहून कुणाला गाडी पकडावी लागणार नाही.

त्या शेतकऱ्याचे तर याहूनही आधी भागू शकते. आपल्या उत्पन्नावर कर देय नाही असे स्वयंघोषणापत्र, जे पंधरा-जी आणि ज्येष्ठांसाठी पंधरा-एच या नावांनी लोकांना परिचित आहे, वर्षाच्या आरंभीच बँकेत दिले, तर व्याजातून कपातच होत नाही. ते दर वर्षी नव्याने द्यावे लागते, आणि ठेवी दोन बँकांत असतील तर दोन्हीकडे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ठेवीची पावती आणि पॅन घेऊन.